मातीच्या पेल्यात शिउलीचा गंध

कोलकात्यात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशाच्या हाती पहिली वस्तू पडते ती बहुधा मातीची. रस्त्याच्या कडेला चहा मागितला की ओंजळीत मावेल असा भाजलेल्या मातीचा चिमुकला पेला पुढे येतो. बंगालीत त्याला ‘भाँड़’ म्हणतात. आपल्या ‘भांडे’ या शब्दाचे हे सख्खे भावंड. वाफाळता चहा ओतताच कोरड्या मातीतून जो वास उठतो, त्यालाही बंगाली माणसाने स्वतंत्र नाव दिले आहे, ‘सोंदा गंध’. वळवाच्या पहिल्या सरीनंतर आपल्या अंगणात दरवळतो, त्याच्याच जातीचा हा वास. ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये पावसानंतरच्या मृद्गंधाला ‘पेट्रिकोर’ असे शास्त्रीय नाव दिले. चहावाल्याला आणि शेतकऱ्याला तो त्याआधी कित्येक पिढ्या ठाऊक होता.

वाचकहो, अलीकडे हेच मातीचे पेले, गोड दह्याची लहान मडकी आणि आल्पनेची नक्षी काढलेले वाडगे एका नव्या कामाला आले आहेत. त्यांत सोयाबीनपासून केलेले मेण आणि सुगंधी तेल ओतून मेणबत्त्या तयार केल्या जातात. नातवंडे हौसेने त्या आजी-आजोबांसाठी आणतात. मग घरात प्रश्न उभे राहतात: वृद्धांच्या खोलीत ही मेणबत्ती लावावी का? घरी करता येईल का? आणि तिने खरोखर काही साधते का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना ही माती आणि हे सुगंध जेथून येतात, त्या प्रदेशातून एक फेरी मारून येऊ.

विष्णुपूरच्या वाटेवर

हावड्याहून खडगपूरमार्गे विष्णुपूरला आगगाडीने साधारण चार तासांत पोहोचता येते. खडगपूर मागे पडले की जमिनीचा रंग बदलू लागतो. गंगेच्या गाळाची काळसर, ओली भूमी संपते आणि बांकुडा जिल्ह्याची तांबडी माती व सालवृक्षांची राने सुरू होतात. कोकणातल्या वाचकाला ही तांबडी वाट परकी वाटणार नाही.

विष्णुपूर ही मल्ल राजांची राजधानी. बंगालच्या बऱ्याच भागात बांधकामाला चांगला दगड सहज मिळत नाही. म्हणून तेथील कारागिरांनी विटांची देवळे उभारली आणि भाजलेल्या मातीच्या फरशांवर पुराणे कोरली. १६४३ मधील श्यामराय मंदिर, १६५५ मधील जोडबांगला मंदिर आणि १६९४ मधील मदनमोहन मंदिर ही त्यांतील ठळक नावे. श्यामराय मंदिराच्या भिंतीवर कृष्णाभोवती फेर धरलेल्या गोपींचे रासमंडल पाहावे. प्रत्येक आकृती वीतभरही नाही, तरी पावलांतला ठेका दिसतो. जोडबांगला मंदिराचे वाकलेले छप्पर बंगालच्या गवती झोपडीवरून घेतलेले आहे. ‘बंगला’ हा शब्द आपल्या भाषेत आला तोही अशाच घरांवरून.

येथे मराठी प्रवाशाने क्षणभर थांबावे, असे एक ठिकाण आहे. गावात ‘दलमादल’ नावाची लोखंडी तोफ उघड्यावर ठेवलेली आहे. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत १७४२ मध्ये फौज घेऊन बंगालवर चालून गेले. ते विष्णुपूरच्या तटाशी आले तेव्हा खुद्द मदनमोहनाने ही तोफ डागून नगर वाचवले, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. आपल्या ‘बारगीर’ या शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि त्या बर्गींचा धाक बंगालच्या अंगाईगीतातही शिरला. पावणेतीनशे वर्षांपूर्वीची ती धास्ती आजही तेथील आज्या नातवंडांना निजवताना गुणगुणतात. आपल्या इतिहासाची ही बाजू तेथे शांतपणे ऐकून घ्यावी. शिवाय त्यातून आपल्या विषयाकडे नेणारी एक गोष्ट कळते. माणसाची सर्वांत टिकाऊ स्मृती ग्रंथांत नसते. ती अंगाईच्या चालीत, हाताच्या सवयीत आणि घरातल्या वासांत राहते.

ज्येष्ठांनी हा प्रवास डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात करावा. बांकुड्याचा उन्हाळा कडक असतो. देवळांचे जोते उंच आहेत आणि पायऱ्यांना कठडे नाहीत. म्हणून काठी व सोबत हवी. देवळादेवळांतले अंतर बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षेने कापता येते; तिला तेथे ‘टोटो’ म्हणतात. एका दिवसात तीन देवळे पुरेत. दुपार विश्रांतीला ठेवावी.

पांचमुड्याचे कुंभार

विष्णुपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर पांचमुडा हे कुंभारांचे गाव आहे. उंच मानेचा, ताठ कानांचा जो ‘बांकुड्याचा घोडा’ भारतीय हस्तकलेचे बोधचिन्ह म्हणून ओळखला जातो, तो येथला. मूळात हा शोभेचा घोडा नव्हे. नवस फेडताना ग्रामदेवतेच्या पारावर ठेवण्याची ती वस्तू होती, आणि आजही तशी ठेवली जाते. पांचमुड्याच्या या मृण्मय कलेला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

घोड्याचे पाय, धड, मान, मुख हे सारे चाकावर वेगवेगळे पोकळ घडवतात आणि ओले असतानाच जोडतात. कान आणि शेपटी मात्र सुटी, नंतर बसवायची. आतली हवा आणि ओल निघून जावी म्हणून अंगाला भोके ठेवतात, नाहीतर आव्यात घोडा तडकतो. भट्टीचा धूर मोकळा सोडला तर भांडे तांबडे होते, धुराची वाट बंद केली तर तेच भांडे काळे होते. वेगळा रंग लावावा लागत नाही. एका मातीला दोन रंग देणारी ही युक्ती कुंभार हसत हसत सांगतात.

पेला विकत घेताना तो डाव्या तळहातावर धरून उजव्या हाताच्या बोटाने टिचकी मारावी. नीट भाजलेले भांडे खणखणते. चिरलेले बद्द वाजते. गोरोबाकाकांची थापटी ज्यांना ठाऊक आहे, त्या वाचकांना याहून अधिक सांगणे नको. घासाघीस मात्र बेतानेच करावी. आव्यातून निघणाऱ्या प्रत्येक खेपेत काही भांडी फुटतात आणि तो तोटा कुंभारच सोसतो.

सुगंधांचा शब्दकोश

बंगाली मेणबत्त्यांवर सुगंधांची नावे वाचताना प्रथम सारेच अनोळखी वाटते. थोडे थांबून पाहिले की ओळख पटते. ‘शिउली’ म्हणजे आपला प्राजक्त. तो शरदात पहाटे गळू लागला की दुर्गापूजा जवळ आली, असे बंगाली मन मानते. ‘गंधराज’ म्हणजे आपला अनंत. ‘रजनीगंधा’ म्हणजे निशिगंध. ‘बेल फूल’ म्हणजे मोगरा, आणि ‘कामिनी’ला आपल्याकडे कुंती म्हणतात. ‘धुनो’ म्हणजे सालवृक्षाची राळ. मातीच्या ‘धुनुची’त नारळाच्या शेंड्या पेटवून त्यांवर ती टाकतात. सायंकाळी शंख वाजतो, तुळशीपाशी दिवा लागतो आणि धुनोचा धूर घरभर फिरतो. दुर्गापूजेत हीच धुनुची हातात घेऊन देवीपुढे नृत्य करतात. कोलकात्याच्या या पूजेचा युनेस्कोने २०२१ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

पेल्यांवरची नक्षीही घरातूनच आली आहे. तांदळाच्या पिठीने जमिनीवर काढतात ती ‘आल्पना’. तिच्यातील कमळ, मासा, धानाचे कणीस आणि लक्ष्मीची पावले कोजागरीच्या लक्ष्मीपूजेला दारापासून देव्हाऱ्यापर्यंत उमटतात; तीच पेल्याच्या कडेला फिरतात.

आता एक बारीकसे निरीक्षण. बंगाली कारागीर शिउली निवडतो, कारण शिउली हा त्याच्या घरचा वास आहे. आपण त्याच्याकडून पेला घ्यावा, पद्धत घ्यावी. सुगंध मात्र आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून निवडावा. एखाद्या आजोबांना वाळा हवा असेल, कारण उन्हाळ्यात ओसरीवर वाळ्याचे पडदे भिजत असत. एखाद्या आजींना सोनचाफा हवा असेल, तर कोणाला ओल्या मातीखेरीज काहीच नको असेल. वारसा हा शब्द वेष्टनावर छापलेला असतो. ज्याचा त्याचा वारसा मात्र त्याला विचारल्यावाचून कळत नाही.

नाक, मेंदू आणि आठवण

सुगंधाने जुने दिवस आठवतात, हा केवळ कवींचा समज नाही. गंधाची जाणीव नाकातून मेंदूच्या ज्या भागांत पोहोचते, ते भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी लगत आहेत. दृश्य व आवाज आधी मेंदूतील थॅलॅमस नावाच्या केंद्रातून जातात; गंधाचा रस्ता त्यामानाने थेट आहे. नाकातील गंधग्राहकांचे कार्य उलगडणारे रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याचबरोबर हेही खरे की वयानुसार वासाची जाणीव मंदावते. ऐंशीनंतर तर बहुसंख्य व्यक्तींमध्ये ती कमी झालेली आढळते. पार्किन्सन आणि अल्झायमर या विकारांत ती पुष्कळदा इतर लक्षणांच्या आधीच घटते. हे सहसा कोणी सांगत नाही, कारण वास येईनासा झाला आहे हे त्या व्यक्तीलाच उमगत नसते. ‘हल्ली भाजीला चव नसते’ अशी तक्रार सुरू होते आणि घरात स्वयंपाक करणाऱ्याला वाईट वाटते. त्यातला धोका आणखी मोठा आहे. गॅसची गळती, नासलेले दूध, करपणारे भांडे यांची सूचना नाकच देत असते. वासाची जाणीव एकाएकी किंवा बरीच कमी झाल्याचे जाणवले, तर डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावे.

जर्मनीतील थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गंधाच्या सरावाची एक सोपी पद्धत मांडली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी दहा सेकंदांच्या आसपास, बारा आठवडे लक्षपूर्वक हुंगायचे. काही रुग्णांत त्याने सुधारणा दिसली. सर्वांनाच लाभ होतो असे नाही. येथे आपल्या उपयोगाची गोष्ट एवढीच की हुंगण्यासाठी काही पेटवावे लागत नाही. न पेटवलेली सुगंधी मेणबत्तीसुद्धा झाकण काढताच दरवळते.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांना येथे एक विनंती आहे. पेला नाकाशी धरून ‘ओळखा पाहू, कसला वास?’ असे विचारू नये. ती परीक्षा होते. उत्तर न सुचल्याची लाज त्या व्यक्तीला दिवसभर पुरते. कशाची लाज वाटते आहे हे विसरल्यानंतरही पुरते. त्याऐवजी आपणच नाव सांगावे: ‘हा प्राजक्त. तुमच्या माहेरी होता का हो?’ उत्तर आले तर ऐकावे, न आले तर दोघांनी मिळून नुसता वास घ्यावा. एखाद्या वासाने चेहरा झाकोळला, तर तो पेला न बोलता दूर करावा. चंदनाचा वास एकाला देवघराची आठवण देतो, तर दुसऱ्याला एखाद्या अंत्ययात्रेची.

घरी करताना

सोयामेण म्हणजे सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेले मेण. सोयाबीन तर मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातले पीक. हे मेण साध्या मेणबत्तीच्या मेणापेक्षा पुष्कळदा कमी तापमानाला वितळते आणि सावकाश जळते.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पेल्याची. आपला माठ पाझरतो म्हणूनच त्यातले पाणी गार होते. कच्चा, म्हणजे आतून झिलई नसलेला, मातीचा पेला वितळलेल्या मेणाच्या बाबतीतही हेच करतो. मेण आणि सुगंधी तेल मातीत झिरपते, बाहेर येऊन टेबलावर उतरते. तेलाने भिजलेली माती स्वतःच वातीसारखी पेट घेऊ शकते. म्हणून चहाच्या पेल्यात थेट मेण ओतू नये. आतून काचेसारखी झिलई दिलेले भांडे घ्यावे, किंवा मातीच्या पेल्यात पत्र्याची अथवा उष्णता सोसणाऱ्या जाड काचेची वाटी बसवून तिच्यात मेण भरावे. झिलईच्या भांड्यात रात्रभर पाणी भरून ते कागदावर ठेवावे. सकाळी कागद कोरडा असेल तरच ते वापरावे. आतून वॉर्निश किंवा रंग लावणे हा उपाय नव्हे, तेही जळते.

दीडशे मिलिलिटर पाणी मावणाऱ्या वाटीला साधारण १३० ग्रॅम मेण पुरते. सुगंधी तेल मेणाच्या सहा टक्के, म्हणजे ८ ग्रॅमच्या आसपास. सुती वात वाटीच्या तळाशी मधोमध चिकटवावी आणि वर काडीच्या आधाराने सरळ धरावी. मेण थेट आचेवर ठेवू नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास आले की उतरवून सुगंधी तेल घालावे आणि दोन मिनिटे हलकेच ढवळावे. ५५ ते ६० अंशांपर्यंत निवले की काठापासून बोटभर जागा सोडून ओतावे. मेणाच्या पुडक्यावर वेगळे तापमान दिले असेल तर ते प्रमाण मानावे. मेणबत्ती गोठली तरी लगेच लावू नये. एक आठवडा, शक्य तर दोन, झाकून ठेवावी. तोवर सुगंध मुरतो. वर पांढरट बुरशीसारखी छटा आली तर घाबरू नये. सोयामेणाचा तो स्वभाव आहे.

या साऱ्यात ज्येष्ठांनी काय करावे? तापलेले मेण तरुणांच्या हाती राहू द्यावे. सुगंध निवडणे, वातीची मधली जागा ठरवणे, पेल्यावर चुन्याच्या किंवा पांढऱ्या रंगाने वेल काढणे, झाकणाला कापड बांधणे ही कामे त्यांची. हाताला कंप असेल तर नक्षी वाकडी येईल, येऊ द्यावी. शाडूची माती मिळाली तर चाकाशिवाय, नुसत्या बोटांनी दाबून लहान वाडगा करता येतो. सांधे आखडलेले असतील तर आधी हात कोमट पाण्यात बुडवावेत, काम खुर्ची-टेबलावर करावे आणि वीस मिनिटांत थांबावे. असा न भाजलेला वाडगा मेणासाठी चालत नाही. जवळच्या कुंभाराच्या आव्यात भाजून आणला तर बाहेरचे आवरण म्हणून शोभतो.

ज्योतीविषयी

ज्या घरात ऑक्सिजनचे यंत्र किंवा सिलिंडर सुरू आहे, तेथे त्या खोलीत कोणतीही ज्योत नको, मेणबत्ती नको, उदबत्तीही नको. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेल्यांना सुगंधाने आणि धुराने त्रास होऊ शकतो. ‘सोयामेण आहे, धूर नाही’ ही जाहिरात पूर्ण खरी नाही. जळणारी प्रत्येक वात थोडी तरी काजळी देते, आणि शिउलीचा वास बहुतेकदा प्रयोगशाळेतच जुळवलेला असतो. सुगंधाने निद्रानाश किंवा नैराश्य बरे होते, असे सांगणाऱ्यावरही विसंबू नये.

बाकी खोल्यांत लावायची तर वात पाव इंच ठेवून कापावी. पहिल्यांदा पेटवल्यावर वरचे सारे मेण काठापर्यंत वितळू द्यावे, नाहीतर मध्ये विहीर पडते. चार तासांहून अधिक जळू देऊ नये. पदर, पडदा, मच्छरदाणी दूर हवी. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकू नये. धातूचे झाकण ठेवून विझवावे. विस्मरण होणाऱ्या व्यक्तीजवळ पेटती मेणबत्ती आणि काडेपेटी एकटी सोडू नये.

हे सारे वाचून भीती वाटली असेल तर एक मार्ग सोपा आहे. वात न घालताच पेला भरावा. झाकण लावून उशापाशी ठेवावा. सायंकाळी दिवेलागणीला झाकण काढावे. उजेड हवा तर शेजारी बॅटरीवरचा दिवा लावावा. दिवसभर शुश्रूषा करून थकलेल्या मुलीने किंवा सुनेने त्या वेळी औषधांची यादी बाजूला ठेवून दहा मिनिटे शेजारी बसावे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि पेला एकमेकींच्या हातात द्यावा.

पुढे कधी विष्णुपूरला जाणे झालेच, तर पांचमुड्याहून दोन पेले आणावेत: एक आपल्यासाठी, आणि एक शेजारच्या त्या घरासाठी, जेथे कोणी बरेच दिवस अंथरुणाला खिळून आहे. तो देताना त्यांना कोणता वास आवडतो, तेवढे मात्र आधी विचारून घ्यावे.